सोमवारचं टिंब

माझ्या नावावर एकूण अकरा पेपर आहेत. पेपर म्हणजे शोधनिबंध. पण शोधनिबंध म्हणणारा माणूस आमच्या स्टाफरूममध्ये फक्त निरोप समारंभाच्या भाषणात भेटतो. तर या अकरांतले दहा पेपर मी जिवंत आहे म्हणून जिवंत आहेत. एखाद्या संशोधकाला तुमचं काम उपयोगी पडलं की तो आपल्या पेपरच्या शेवटी, संदर्भांच्या यादीत, तुमच्या पेपरचं नाव घालतो. त्याला सायटेशन म्हणतात. माझ्या दहा पेपरांना मिळून बत्तीस सायटेशन होती, आणि त्यातली निम्मी मीच मला दिली होती. वाढदिवसाला आपणच हार विकत आणावा आणि आपणच गळ्यात घालून घ्यावा, तसा प्रकार.

अकरावा पेपर मात्र वेगळा निघाला. त्याची ही गोष्ट.

मी महाडजवळच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. मूळ घर पोलादपूर तालुक्यात, कापड्याच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्याजवळच्या वाडीत. खाली कापड्याला भाताची खाचरं, वर आमची गुरं. त्या घरात आता काकी राहते, पाच गुरांसह. तिचा मुलगा मुंबईला कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करतो. काही वर्षांपूर्वी गोठ्याच्या मागच्या उतारावर जमिनीला भेग पडली. रुंदीला बोटभर, पण लांबीला फणसापासून थेट बांधापर्यंत. शेजारी म्हणाले, मुजेल आपोआप. काकीनं मात्र भेगेच्या दोन्ही काठांवर एकेक बांबूची खुंटी ठोकली, मुलानं आणून दिलेली शिंप्याची टेप घेतली, आणि रोज सकाळी गुरं सोडण्याआधी दोन खुंट्यांमधलं अंतर मोजायला सुरुवात केली. माप सुतात. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत. आणि लिहायचं कुठं, तर भिंतीवरच्या कॅलेंडरात, तारखेच्या चौकटीत, जिथं बाकीच्या घरांत दुधाची मापं लिहितात तिथं.

हे मला गणपतीला घरी गेलो तेव्हा कळलं. काकीनं माळ्यावरून जुनी कॅलेंडरं काढली होती, करंज्यांखाली कागद घालायला. मी पहिलं पान उलगडलं आणि करंजी तशीच हातात राहिली. सहा वर्षांच्या सकाळी तिथं ओळीनं उभ्या होत्या. एकही चौकट रिकामी नव्हती. धो धो पावसाचे दिवस होते, काकीला ताप आलेला होता ते दिवस होते, काका गेले तो दिवससुद्धा होता, आणि त्या दिवशीही चौकटीत आकडा होता. मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगत आलो की चांगली माहिती जमवायला मोठी यंत्रं लागतात, मोठी अनुदानं लागतात. इथं टेप होती, आणि एक बाई होती जी सकाळी उठत होती.

“काकी, हे मी नेतो.”

“ने. पण करंज्या खाऊन ने, तेल लागंल.”

मी सगळ्या पानांचे फोटो काढले. महाडला येऊन एकेक आकडा टाईप केला, सुतांचे मिलिमीटर केले, आणि माझा प्रोग्रॅम त्यावर चालवला. आकड्यांत लपलेली लय शोधणं हे माझं खातं. भरती-ओहोटीची असते, ऋतूंची असते, तशी काही आहे का ते हा प्रोग्रॅम बघतो. पडद्यावर एक आडवी रेघ आली, सपाट, आणि तिच्यावर सात दिवसांच्या जागी एक सुळका उभा. रायगडाच्या शेजारी लिंगाणा उभा असतो ना, तसा, एकटा आणि ताठ.

डोंगर दर सोमवारी थांबत होता. आणि मंगळवारी दुप्पट सरकत होता.

माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. ज्या डोंगरावर मी गुरांमागे फिरलो, तो आठवड्याचे वार पाळत होता. त्या दिवशी मी दोन प्रॅक्टिकल बुडवली आणि खिडकीतून नुसता डोंगरांकडे बघत बसलो.

आता याचं कारण सांगायला हवं होतं. कारण नसेल तर पेपर कोण छापतो? आठवड्यानं चालणारी गोष्ट माणसाचीच असणार, इतपत अक्कल मला होती. मग मी मुंबई-गोवा हायवे धरला. चाकरमानी शुक्रवारी गावाकडे निघतात, रविवारी परत फिरतात, कशेडी घाटात गाड्यांची रांग लागते, जमीन हादरते. सोमवारी सगळं शांत. मंगळवारच्या उडीला मी ‘विलंबित प्रतिसाद’ असं नाव दिलं. विद्वानाला कारण सापडलं नाही की तो नाव देतो. आमच्या वाडीवरून हायवे दिसत नाही, हॉर्नसुद्धा ऐकू येत नाही, ही बारीकशी अडचण मी पेपरात लिहिली नाही.

पेपर छापून आला. सहा महिने काही नाही. मग एक सायटेशन आलं, मग तीन, मग पावसाळ्यात तेरड्यासारखी फुटायला लागली. डोंगराची हालचाल आणि माणसांची वर्दळ यांचा संबंध, असा विषय लोकांना आवडला असावा. दोन-तीन वर्षांत आकडा दोनशेच्या पुढे गेला. मी रोज सकाळी कॉलेजात आलो की आधी तो आकडा बघायचो आणि मग हजेरीपत्रक. कुठल्या कुठल्या देशांतून माणसं माझं नाव घेत होती. हिमालयातून, अँडीजमधून, कुठल्याशा बेटावरून. मी स्टाफरूममधल्या नकाशावर टाचण्या लावल्या. आमच्या वाडीखाली कापड्याला एसटी दिवसातून दोनदा येते, आणि आमच्या गोठ्यामागची भेग जगाच्या अर्ध्या डोंगरांवर पोचली होती. त्या टाचण्यांकडे बघताना खरंच ऊर भरून यायचा. शिपाई मात्र विचारायचा, “सर, इतक्या ठिकाणी अर्ज केलेत, एकीकडून पण बोलावणं नाही?”

बोलावणं आलं ते घरातूनच. कॉलेजात प्राध्यापकपदाची एक जागा निघाली. मी इतकी वर्षं सहयोगी प्राध्यापक होतो, म्हणजे लग्नात जसा करवला. मुलाखत गुरुवारी ठरली. अर्जात संशोधनाचा निर्देशांक लिहायचा होता. तो असा काढतात: तुमच्या पाच पेपरांना प्रत्येकी किमान पाच सायटेशन असतील तर तुमचा निर्देशांक पाच. माझा बरोब्बर पाच होता, आणि जागेला पाचच हवा होता. अकरावा पेपर काढला की उरतात चार. पण तो कोण काढणार होता?

मुलाखतीच्या आधीच्या शनिवारी पत्र आलं. दूरच्या एका डोंगराळ देशातल्या संशोधक बाईंचं. पत्र फार नम्र होतं, आणि आमच्या धंद्यात नम्र पत्र आलं की समजावं, कुठंतरी चूक निघाली. त्यांनी लिहिलं होतं, आमच्याकडे एका सरकत्या उतारावर इशारा देणारं यंत्र बसवलं आहे. मंगळवारची उडी वाहनांमुळे असते असं धरून आमचं यंत्र ती अर्धीच मोजतं. आधार तुमचा पेपर. पण मला आमच्या आकड्यांत अशी लय कुठेच दिसत नाही. आपण सोमवारची मोजणी कशी घेतली होती, कृपा करून कळवाल का?

कशी घेतली होती म्हणजे? रोजच्यासारखी. तरी उत्तर लिहायला बसलो आणि पहिल्या ओळीतच अडलो. काकीला हे मी कधी विचारलंच नव्हतं.

रविवारी सकाळी पोलादपूरहून कापडे, तिथून वर चढून घरी. ऑगस्ट होता, पाऊस उघडझाप करत होता. काकी गोठ्यात शेण काढत होती.

“काय मास्तर, सण नाय वार नाय, आज कसे?”

शिकवणारा प्रत्येक माणूस काकीच्या लेखी मास्तर. मी डॉक्टरेट मिळवली तेव्हा तिनं विचारलं होतं, आता तरी मोठ्या मास्तरात घेतील काय?

“काकी, सोमवारी तू भेग कशी मोजतेस?”

तिनं फावडं टेकवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मला ताप आलाय की काय ते बघतेय.

“सोमवारी कोण मोजतं?”

“म्हणजे?”

“अरे, सोमवारी आपण जमिनीला हात लावतो काय? बैलाला जू नाय, जमिनीला घाव नाय. कुदळ नाय, नांगर नाय. खुंट्या गुरं हलवतात, रोज सकाळी ठोकून घट्ट करायला लागतात, तवा मोजायचं. सोमवारी ठोकायची नाय, मंग मोजणार कशी? सैल खुंटीचं माप खोटं.”

मी तिथंच गव्हाणीच्या काठावर बसलो. आता माझी लायकी नीट सांगतो. हा नियम मला माहीत होता. मी त्यात वाढलो होतो. विटीदांडूसाठी अंगणात खड्डा खणला म्हणून मी वडिलांचा मार खाल्ला होता, आणि तो वार सोमवार होता. आमच्या वाडीत जन्मलेल्या प्रत्येक पोराला सोमवार ठाऊक असतो. बाहेरच्या माणसानं हीच चूक केली असती तर त्याला माफी होती. मला नव्हती. मी डोंगराचा सोमवार शोधून काढला, आणि तो माझ्याच घरचा होता.

“पण काकी, चौकटीत आकडा आहे की सोमवारचा. सगळ्या सोमवारांचा.”

“आदल्या दिवसाचा लिवते. चौकट मोकळी सोडली तर माझा पोरगा गावाला आल्यावर म्हणतो, आये, तू चुकलीस. आणि टिंब देते की मंग.”

“कसलं टिंब?”

तिनं हात धुतले, घरात गेली, चालू वर्षाचं कॅलेंडर खिळ्यावरून काढून माझ्या पुढ्यात धरलं. प्रत्येक सोमवारी, आकड्याच्या उजव्या खांद्यावर, पेनानं दिलेलं एक बारीक टिंब. एकही सोमवार चुकलेला नव्हता, आणि दुसऱ्या कुठल्याच वारी नव्हतं.

“टिंब म्हंजे, बघितलं नाय. तू एवढे फोटू काढलेस, तुला दिसलं नाय?”

दिसलं होतं. शेकडो टिंबं मी माझ्या या दोन डोळ्यांनी बघितली होती. टाईप करताना मी मनाशी म्हटलं होतं, काकीच्या घरात माश्या फार झाल्यात.

मी काकीला सगळं सांगितलं. पेपर, टाचण्या, दोनशे लोक, हायवे. हायवेचं ऐकून ती इतकी हसली की गाय मागं सरली.

“हायवे? आपल्या डोंगराला? अरे, इथं एसटीचा आवाज येत नाय म्हणून रोज चुकते ती माझी.”

मग मी बाईंच्या यंत्राचं सांगितलं. तेव्हा तिचं हसू थांबलं.

“म्हंजे मंगळवारी त्यांचा डोंगर सरला, तर मशीन म्हणणार अर्धाच सरला?”

“होय.”

“त्याच्या खाली कोण राहतं?”

“ते नाही मला ठाऊक.”

“राहत असंल कोणतरी,” काकी म्हणाली आणि कॅलेंडर परत खिळ्याला लावायला गेली.

उतरताना मी ठरवलं, आजच कळवायचं. हा निश्चय पोलादपूरच्या एसटी स्टँडपर्यंत शाबूत होता. पुढे महाडपर्यंत मी निर्देशांकाचा विचार करत बसलो. सोमवारी सकाळी प्राचार्यांच्या खोलीत गेलो आणि झालं ते सांगितलं. माणूस भला. त्यांनी दार लावून घेतलं.

“दुरुस्ती पाठवाच. पाठवायलाच हवी. फक्त गुरुवारी दुपारी पाठवा, मुलाखत झाल्यावर. चार दिवसांत काय डोंगर कोसळणार आहे?”

ते हसले, मीही हसलो. आपण कशाला हसलो ते मला जिन्यावर कळलं. तरी मी पाठवलं नाही. चार दिवस म्हणजे काहीच नाही, असं स्वतःला समजावलं. मधे एक मंगळवार होता, तो मी मोजला नाही. त्यात माझा हातखंडा होताच.

मंगळवारी सकाळी सातला काकीचा फोन. ती कधी आपणहून फोन करत नाही. वाडीत रेंजसाठी देवळामागच्या खडकावर चढावं लागतं.

“मास्तर, लिवून घे. दोन सूत. सोमवार-मंगळवार मिळून.”

“काकी, मला आता आकडे नकोत गं.”

“तुला नको असतील. त्या बाईला पायजेल असतील तर? तिचा बी आज मंगळवारच ना?”

तिच्या मागं पावसाचा आवाज येत होता.

“कळवलंस काय तिला?”

“गुरुवारी कळवतो.”

“गुरुवारी काय हाय?”

मी सांगितलं.

“बरं,” काकी म्हणाली. “मी गुरं सोडते.”

तिनं रागावायला हवं होतं. रागावली असती तर मी वाद घातला असता, आणि वादात मी हुशार आहे. ती गुरं सोडायला गेली. ओल्या खडकावरून उतरणारी ती मला डोळ्यांसमोर दिसत होती. टेप कमरेला खोचलेली असणार.

चार ओळी लिहायला मला पहिला तास बुडवावा लागला. बाईंना आणि पेपर छापणाऱ्या संपादकांना, दोघांना एकच मजकूर. माझा निष्कर्ष चुकीचा आहे. सोमवारचे आकडे मोजलेले नव्हते. ज्यांनी मोजणी केली त्यांनी प्रत्येक वेळी तशी खूण केली होती. ती खूण मी वगळली. पाठवायचं बटण दाबलं आणि वर्गात जाऊन मुलांना, माहिती कशी जमवावी, हाच धडा शिकवला. अभ्यासक्रमात तो त्याच दिवशी होता. माझा काही इलाज नव्हता.

दुपारी बाईंचं उत्तर आलं. मंगळवार पुन्हा पूर्ण मोजायला लावला आहे, आजपासूनच. खाली एक ओळ: त्या टिंबांचा फोटो पाठवाल का?

गुरुवारी बाहेरचे तज्ज्ञ रेल्वेनं वीर स्टेशनला उतरणार होते. कॉलेजची जीप नेमकी गॅरेजात, म्हणून त्यांना आणायला मला धाडलं. उमेदवारानंच परीक्षकाला आणायला जायचं, हे आमच्याकडेच चालतं. स्टेशनबाहेर रिक्षा केली. ते मूळचे घाटावरचे, वयानं मोठे, धोतराशिवाय सगळे गुण जुन्या हेडमास्तरांचे. रिक्षा सुटताच म्हणाले, “तुमचा तो सोमवारचा पेपर. मी माझ्या तीन पेपरांत घेतलाय.”

रिक्षात माणसाला पळून जाता येत नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. खुंटी, सोमवार, टिंब, माश्या. ते बाहेर बघत ऐकत होते. दासगावच्या वळणावर त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. मला वाटलं, संपलं.

मग हळूच म्हणाले, “आमच्याकडे अमावास्येला नांगर धरत नाहीत.”

“हो, ऐकलंय सर.”

“विहिरीवरसुद्धा जात नाही आमचा मोजणारा माणूस त्या दिवशी.” ते माझ्याकडे वळले. “मी वीस वर्षं विहिरींच्या पाण्याचे आकडे अभ्यासतोय. त्यात मला महिन्याची लय सापडलीय. चंद्राची ओढ, असं लिहिलंय मी.”

रिक्षावाल्यानं आरशातून आम्हा दोघांकडे बघितलं. आम्ही दोघेही रिक्षाच्या टपाकडे बघत होतो. मग ते हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि चष्मा पुसत म्हणाले, “फोटो दाखवा तो.” महाड येईपर्यंत त्यांनी माझा फोन परत दिला नाही. एकेक सोमवार बोटानं मोठा करून बघत होते, देवळात वाकून बघावं तसे.

मुलाखतीत त्यांनीच विचारलं, “आपला निर्देशांक?”

“मंगळवारपासून चार.”

प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. जागा मला मिळाली नाही, आणि ते बरोबरच होतं. नियम पाचाचा होता.

पेपर मागे घेतला गेला. त्याच्या प्रत्येक पानावर आता तसं सांगणारी तिरकी तांबडी अक्षरं आहेत. मी टाचण्या काढल्या, तेव्हा शिपाई म्हणाला, “सगळीकडून नकार आला वाटतं.” कॅलेंडरातले आकडे मात्र मी पहिल्यापासून पुन्हा टाईप केले आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले ठेवले. सोमवार रिकामे. नावांत पहिलं नाव काकीचं, दुसरं माझं. तिला विचारायला गेलो तर म्हणाली, “माझं नाव कशाला? मी काय मास्तर हाय?” पण नकाशा बघायला तिनं माझा फोन मागितला आणि बाईंचा देश कुठं आहे ते दोनदा विचारलं.

या पावसाळ्यात तिला पहिलं सायटेशन मिळालं. बाईंच्या नव्या पेपरात, यादीत, काकीचं नाव. तो पेपर छापून घेऊन मी वर गेलो. तिनं हात पुसून कागद घेतला, आपल्या नावाखाली बोट ठेवलं, इंग्रजीतलं नाव तिला वाचता येत नाही तरी बोट बरोबर जागी होतं, कारण मी तिथं टिंब दिलं होतं. तिनं टिंब बघितलं आणि माझ्याकडे बघितलं.

“म्हंजे तू बघितलं नायस काय?”

“बघितलं, काकी. या वेळी बघितलं.”

आम्ही मागच्या उतारावर गेलो. भेगेत आता माझा हात कोपरापर्यंत जातो. गोठा तिनं उन्हाळ्यातच पलीकडच्या सपाटीवर हलवून घेतला होता, कुणी सांगण्याआधी. एक खुंटी जराशी कलली होती. मी सवयीनं वाकलो आणि ती दाबायला हात पुढे केला.

“आज वार काय?” काकी म्हणाली.

मी हात मागे घेतला. मग आम्ही दोघं फणसाखाली बसून राहिलो. समोर धुकं वर चढत होतं आणि आमच्या खालचा डोंगर, सोमवार असूनही, सरकत होता.